सुलोचनाबाईंचा उतरता आकडा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावच्या आमच्या रुग्णालयात फिजिशियन म्हणून रुजू होऊन मला तिसराच दिवस होता. छातीत दुखते म्हणून एक गृहस्थ आले होते. मी ईसीजी काढला, तो काही ठामपणे बोलेना, म्हणून रक्त घेऊन खाली लॅबमध्ये पाठवले. पाच मिनिटांत रक्ताची नळी जशीच्या तशी परत आली. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ‘वेळ नाही’.

मी नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातून आलेलो. लॅबमधल्या माणसाने डॉक्टरला ‘वेळ नाही’ असे लिहून पाठवावे, हे मला झेपणारे नव्हते. मी तरातरा जिना उतरलो. लॅबमध्ये पांढरा कोट घातलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई मशीनसमोर बसल्या होत्या.

“तुम्हाला वेळ नाही म्हणजे काय?” मी विचारले.

त्यांनी मान वळवली. “माह्यापाशी हाये जी वेळ. तुमच्या कागदावर नाई. दुखणं कितीले सुरू झालं, रक्त कितीले घेतलं, दोनी जागा कोऱ्या हायेत.”

“ट्रोपोनिन करायचंय. त्याला वेळेचं काय?”

त्यावर बाईंनी मला, म्हणजे एम. डी. झालेल्या माणसाला, उभ्याउभ्या समजावून सांगितले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात झिरपतो, पण झिरपायला काही तास घेतो. दुखणे सुरू होऊन तासभरच झाला असेल तर आकडा साफ येईल. “न तुमी त्या आकड्याच्या भरोशावर माणसाले घरी धाडान,” त्या म्हणाल्या. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. मला ते सारे ठाऊक होते आणि तरीही कागदावरच्या दोन्ही जागा मी कोऱ्या सोडल्या होत्या. वर जाऊन वेळा विचारून लिहिल्या. तीन तासांनी रक्त पुन्हा घेतले. पहिल्या खेपेचा आकडा साफ होता, दुसऱ्या खेपेचा नव्हता. ते गृहस्थ आज हयात आहेत. मी मात्र त्या दिवशी बाईंचे आभार मानले नाहीत. मला राग आला होता, आणि खरे सांगायचे तर तो अजून पुरता गेलेला नाही.

सुलोचनाबाई निमगडे यांच्या साठीनिमित्त हा गौरव अंक काढायचे ठरले, तेव्हा समितीच्या मंडळींनी भीतभीतच मला लेख मागितला. बाईंचे आणि माझे वाद सगळ्या दवाखान्याला माहीत आहेत. मी ताबडतोब होकार दिला. तक्रारी मांडायला इतकी ऐसपैस जागा मला पुन्हा कोण देणार?

पहिली तक्रार अशी की या बाई स्वतःविषयी काही सांगत नाहीत. लेखासाठी माहिती हवी म्हणून मी चार वेळा लॅबमध्ये जाऊन बसलो. “माह्याबद्दल का लिवता? जनरेटरबद्दल लिवा. दोन महिने झाले, बंद पडून राह्यला,” असे म्हणून त्यांनी मला वाटेला लावले. शेवटी त्यांच्या थोरल्या भावांकडून कळले ते एवढेच. वडील दुसऱ्याच्या धानाच्या शेतात राबत आणि हंगामात राइस मिलमध्ये पोती वाहत. घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची एक फळी होती आणि मुलगी शिकणार, याविषयी घरात कधी चर्चाच झाली नाही, ते ठरलेलेच होते. नागपूरला लॅबचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाई परत मूलला आल्या. तिकडे नोकरी मिळत असताना परत का आलात, असे मी त्यांना विचारले. “इथी रक्त नाई का लोकायले?” असे उत्तर मिळाले. याच्यावर माणसाने काय लिहावे?

दुसरी तक्रार लॅबच्या फ्रिजची. तपासणीची किट ठराविक थंडाव्यात ठेवावी लागतात, नाहीतर आकडे बिघडतात. त्यामुळे त्या फ्रिजला बाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम. एका मे महिन्यात माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक मी चंद्रपूरहून आणला. दुपारची ओपीडी संपेपर्यंत तासभर कुठे ठेवायचा, म्हणून गुपचूप त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सारला. खोका नीट बसेना, म्हणून दार चारदा उघडावे लागले. ओपीडी संपवून गेलो तर केक बाहेर टेबलावर होता. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. मुलीचे नाव अर्धे वाहून गेले होते. मी बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “फ्रिज चार वेळा उघडला तुमी. आतली गरमी किती वाढली, मी लिवून ठेवली हाये.” आणि खरेच त्यांनी वहीत ती नोंद केली होती. संध्याकाळी त्या स्वतः घरी आल्या, मुलीसाठी रव्याचे लाडू आणि एक चित्रांचे पुस्तक घेऊन. मुलगी खूष झाली. केकविषयी त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि दिलगिरीचाही नाही.

तिसरी तक्रार सांगताना माझी जरा पंचाईत होते. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रातून कधीकधी एसटीने बर्फाच्या डब्यात रक्ताचे नमुने येत. रस्ता खडबडीत, गाडी हादरे खात येते. एकदा एका बाळंतिणीच्या रक्ताची नळी आली. तिला दम लागत होता, हृदयावर ताण आहे का ते पाहायचे होते. बाईंनी नळी उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. हादऱ्यांनी रक्तातल्या पेशी फुटल्या होत्या. मी म्हटले, “जे येईल ते सांगा, अंदाज तर येईल.” त्या म्हणाल्या, “अंदाज तुमच्याजवळ आंदीच हाये. माह्याकडून तुमाले आकडा पायजे.” मी वैतागून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर आल्याच नाहीत. दुपारी कळले की सकाळच्या पहिल्या बसने त्या स्वतःच तिकडे गेल्या, त्या बाळंतिणीचे रक्त घेतले आणि डबा मांडीवर धरून परत आल्या. डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, “आता तपासतो.” आदल्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो होतो, ते मला आठवत होते. त्यांनाही आठवत असणार. अशा माणसावर रागावण्याची सोयसुद्धा राहत नाही, हा खरा त्रास आहे.

पण मला लिहायचे आहे ते सोमाजी शेंडे यांच्याविषयी. ही हकिगत बाईंनी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. त्यांनी सांगावी असे मला फार वाटत होते, म्हणजे निदान मला त्यांच्यावर चिडता आले असते. आता मीच सांगतो.

सोमाजी हे मूलजवळच्या एका गावचे ढिवर. वय पंचावन्नच्या आसपास. गावच्या तलावात मासेमारी करायची, उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची. घरात पत्नी पार्बताबाई; दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. एका चैत्रातल्या सकाळी तलावात जाळे ओढत असताना त्यांच्या छातीत कळ आली. गॅस असेल म्हणून त्यांनी सोडा प्याला आणि दोन तास झाडाखाली पडून राहिले. घाम थांबेना तेव्हा लोकांनी ऑटोत घालून आमच्याकडे आणले. ईसीजी पाहताच शंका उरली नाही. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी मुख्य नळी बंद झाली होती. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन दिले, तासाभरात कळ थांबली. मग नागपूरला पाठवून तिथे स्टेंट बसवून घेतला. आठव्या दिवशी ते परत आमच्याकडे आले. आमच्याकडे महिन्यातून दोनदा बाहेरून हृदयरोगतज्ज्ञ येतात, त्यांनी सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदयाचे चित्र पाहिले. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातले साठ टक्क्यांच्या आसपास रक्त पुढे ढकलते. सोमाजींचे तिसाच्या आसपास ढकलत होते. पुढची भिंत जवळजवळ हलतच नव्हती.

घरी सोडताना मी त्यांना समोर बसवून सांगितले. माझे शब्द मला अजून पाठ आहेत. “सोमाजी, हृदयाचा पुढचा भाग मेला आहे. यापुढे तलावात उतरायचं नाही. जाळं ओढायचं नाही. आयुष्यभर जपून राहायचं.” कागदावरही लिहून दिले. खाली इंग्रजीत बारीक अक्षरात ‘तीन महिन्यांनी चित्र पुन्हा काढावे’ असेही लिहिले, कारण पुस्तकात तसे आहे. झटक्यानंतर काही स्नायू मरतात आणि काही नुसते सुन्न होऊन पडतात. रक्तपुरवठा परत सुरू झाला की सुन्न झालेले हळूहळू, आठवड्यांनी, जागे होऊ शकतात. आठव्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. हे मला माहीत होते. सोमाजींना मी ते सांगितले नाही. ओपीडीत गर्दी होती, आणि भीती घातली तर माणूस जपून राहतो, असा माझा तेव्हा समज होता.

बाईंनी मात्र सोमाजींच्या नावाने वहीत एक पान उघडले. दर महिन्याला ते येत आणि त्यांचे बीएनपी तपासले जाई. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हृदय स्वतःच हा पदार्थ रक्तात सोडते. ताण जास्त तर आकडा जास्त. पहिल्या खेपेला आकडा भलताच चढलेला होता. महिन्याने उतरला. दोन महिन्यांनी आणखी उतरला. बाई मला दर वेळी पान दाखवीत. मी “हं, गोळ्या लागू पडताहेत” म्हणे आणि पुढचा रुग्ण बोलावे.

तिसऱ्या महिन्यात पुतण्या त्यांना ऑटोतून घेऊन आला, तर आकडा एकदम वर गेला होता. मी म्हटले, “अपेक्षितच होतं. एवढं मोठं नुकसान आहे.” खाली जाऊन बाईंनी पार्बताबाईंच्या शेजारणीला फोन लावला. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. पार्बताबाई भाताच्या बांधीत चिखलात उभ्या होत्या. शेजारणीने बांधावरून फोन त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांना रडूच फुटले. त्यांनी सांगितले की नवऱ्याने गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले. डोंगा, म्हणजे छोटी होडी, आणि जाळे पुतण्याला देऊन टाकले, मच्छीमार सोसायटीतली जागाही त्याच्या नावे करून दिली. खाटेवरून उठत नाहीत. मजुरीला त्या एकट्याच जातात.

पुढच्याच रविवारी बाई त्या गावी गेल्या. मला न विचारता, न सांगता. तिथे काय झाले ते पुढे पार्बताबाईंनीच मला सांगितले, म्हणून इथे लिहू शकतो.

सोमाजी छपरीत खाटेवर होते. बाई खाली जमिनीवर बसल्या. “गोया काऊन बंद केल्या भाऊ?”

“डाक्टर म्हणे, मेलं हाये,” सोमाजी म्हणाले. “मेल्यावर कोणाले गोया देते का बाई? तिले रोवणीले जा लागते न मी इथी पडून गोया खाऊ?”

बाईंनी पिशवीतून वही काढली. सोमाजींना वाचता येते ते जेमतेम, पण मासळी मोजून विकणाऱ्याला आकडे बरोबर कळतात. बाईंनी एकेका आकड्यावर बोट ठेवले. “हा दवाखान्यातून गेले त्या दिवशीचा. हा महिन्याचा. हा दोन महिन्याचा. खाली खाली येऊन राह्यला. न हा आताचा, गोया सोडल्यावरचा. पाहा किती वर गेला.”

“म्हंजे जित्तं हाये म्हणता?”

“मी डाक्टर नोये भाऊ. मेलं का जित्तं, ते मले नाई सांगता येत. आकडा खाली येत होता, येवढं मी पाह्यलं. तुमी गोया सोडल्या न तो चढला, हेबी पाह्यलं. त्याच्या पुढचं मी तुमाले सांगत नाई.”

सोमाजींनी शेवटच्या आकड्यावर स्वतःचे बोट ठेवून पाहिले. मग त्यांनी पार्बताबाईंना हाक मारून गोळ्यांचा डबा मागितला.

सोमवारी मला हे कळले तेव्हा मी लॅबमध्ये जाऊन आवाज चढवला. रुग्णाशी परस्पर बोलणे, त्याच्या घरी जाणे, हे लॅबचे काम नाही, असे सुनावले. बाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “बरोबर हाये जी. ते तुमचंच काम होतं.” त्या अर्ध्या वाक्यावर मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

महिन्याने सोमाजी आले. बीएनपीचा आकडा पुन्हा खाली आला होता, आधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा खाली. बाई ते पान घेऊन थेट माझ्या ओपीडीत आल्या. बाहेर रांग होती.

“यांचं चित्र काढा लागते.”

“बाई, तज्ज्ञांची यादी भरलेली आहे. पुढच्या महिन्यात बघू.”

“तीन महिन्याचं लिवलं होतं तुमी. चार होऊन गेले.”

“नुकसान मोठं आहे. चित्रात काय वेगळं दिसणार? उगाच त्या माणसाला आशा लावायची?”

बाईंनी वही माझ्या टेबलावर आपटली. एवढ्या वर्षांत त्यांना आवाज करताना मी तेव्हाच पाहिले. “डाक्टर साहेब, आठ दिवसांत चित्र काढलं तुमी. त्या आठ दिवसांच्या चित्रावर माणसाले जन्मभर खाटेवर बसवलं. मले मशीनचा येक आकडा खराब वाटला तं मी दुसऱ्यांदा तपासतो. तुमी माणूस दुसऱ्यांदा काऊन नाई तपासत?”

रांगेतले लोक ऐकत होते. मी सोमाजींचे नाव यादीत घातले. पटले म्हणून नव्हे, बाईंनी बाहेर जावे म्हणून.

पोळा होऊन गेला त्या आठवड्यात तज्ज्ञ आले. मी शेजारी उभा होतो. पडद्यावर हृदय आकुंचन पावत होते आणि पुढची भिंतही आत येत होती. टोकाजवळचा एक लहानसा भाग तेवढा स्थिर होता. तज्ज्ञांनी मोजून सांगितले, पन्नासच्या जवळ. त्यांनी मागच्या चित्राचा कागद पुन्हा मागून घेतला आणि नाव तपासले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “छान. सुन्न होता स्नायू, जागा झाला.” त्यांच्या दृष्टीने ती चांगली बातमी होती आणि तेवढीच होती. मला मात्र घरी सोडताना बोललेले माझे शब्द आठवत होते.

मी कागद घेऊन खाली गेलो. मला वाटले, आता बाई स्वतः बाहेर जाऊन सोमाजींना सांगतील. त्यांचा तो हक्क होता. कागद वाचताना त्यांचे डोळे भरले हे मी पाहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि कागद माझ्या हातात परत दिला. “तुमी सांगा,” म्हणाल्या. “तुमीच सांगतलं होतं.”

बाहेर बाकावर सोमाजी आणि पार्बताबाई बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. मी म्हटले की हृदय बरेचसे सावरले आहे, थोडा भाग गेला, पण बाकीचा चालतो आहे. गोळ्या कायम घ्यायच्या, पण हळूहळू कामाला लागता येईल.

सोमाजींना पहिल्यांदा कळलेच नाही. “म्हंजे मेलं नोयतं?”

“नाही. दमून पडलं होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, नुसते समजून घेत. मग म्हणाले, “मंग दमलं हाये, असं काऊन नाई म्हणलं जी तुमी?”

मी एवढेच म्हणालो, “चुकलो मी.” पार्बताबाई दुसरीकडे पाहत पदराने तोंड पुसत होत्या. चार महिने त्यांनी एकटीने घर ओढले होते. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यांनी लावला असता तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेलो. बाईंची माफी मागायची असे रात्रभर ठरवले होते. मी दोन शब्द बोलतो न बोलतो तोच त्या म्हणाल्या, “ते राहू द्या. त्यायच्या जुन्या कागदावर जन्मभर जाळं ओढाचं नाई, असं लिवलं हाये. तो कागद बदलून द्या पयले. सोसायटीवाले तोच कागद मागते.” मी वर जाऊन नवा कागद लिहिला. माफी राहून गेली ती राहूनच गेली. ज्या माणसाला माफी मागू देत नाहीत, त्याची अवस्था काय होते याचा विचार या बाईंनी करायला हवा होता.

सगळे पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षीची मासेमारीची पाळी सोमाजींच्या हातून गेली. सोसायटीतली जागा पुतण्याच्या नावावरच राहिली. मात्र पुतण्याने डोंगा परत आणून दिला आणि दोघे मिळून काम करू लागले. मोठे जाळे पुतण्या ओढतो, सोमाजी डोंगा धरतात आणि काठाजवळ लहान जाळे टाकतात. दर काही महिन्यांनी तपासणीला येतात, कधी सोबत रोहू असतो. बाई मासे खात नाहीत, रुग्णाकडून काही घेतही नाहीत, म्हणून तो मासा नियमाला बगल देऊन माझ्या घरी येतो. त्यावरही बाईंनी मला दोनदा टोकले आहे.

या अंकाच्या वाचकांनी असेही समजू नये की बाईंच्या पानावरचा प्रत्येक आकडा उतरतो. राजुऱ्याकडच्या खाणीत काम केलेले एक गृहस्थ आमच्याकडे येत. त्यांचा आकडा कधीच खाली आला नाही, चित्रही सुधारले नाही. बाई दर महिन्याला त्यांचे रक्त घेत, आणि “का निघालं?” असे त्यांनी विचारले की खरे तेच सांगत. मग त्यांच्याजवळ बसत, त्यांच्या नातीच्या शाळेची चौकशी करत. ते गृहस्थ एकदा मला म्हणाले होते, “डॉक्टर, त्या बाईकडे बसलो का बरं वाटते. ते मले फसवत नाई.” ते गेले तेव्हा बाई त्यांच्या घरी भेटून आल्या, आणि परत येऊन त्यांनी त्यांचे पान वहीत तसेच ठेवले.

सोमाजींच्या नंतर मी ‘मेले आहे’ असे आठ दिवसांच्या चित्रावरून कोणालाही सांगितलेले नाही. मी म्हणतो, “आता कळणार नाही. तीन महिन्यांनी पाहू. तोवर गोळ्या सोडायच्या नाहीत.” काही रुग्ण चिडतात, त्यांना पक्के उत्तर हवे असते. त्यांना मी खाली पाठवतो. तिथून ते बऱ्यापैकी शांत होऊन वर येतात. तिथे त्यांना काय सांगितले जाते, हे मी अजूनही विचारलेले नाही. विचारले तर काहीतरी ऐकून घ्यावे लागेल, अशी मला भीती वाटते.

आता शेवटची तक्रार, आणि तीच सगळ्यात मोठी. या महिनाअखेरीस सुलोचनाबाई निवृत्त होऊन भद्रावतीला लेकीकडे राहायला जाणार आहेत. लेक आणि जावई तिथल्या फॅक्टरीच्या वसाहतीत राहतात, दारात पेरूचे झाड आहे, नातू आजीची वाट पाहतो आहे. बाईंनी हे मला सहा महिने आधी सांगितले, म्हणजे तयारीला वेळ मिळावा म्हणून. मी काहीही तयारी केलेली नाही. त्यांना थांबवण्यासाठी मी व्यवस्थापनाला पत्रे लिहिली, बाईंना तीन वेळा विनवले, एकदा रुसूनही पाहिले. “डाक्टर साहेब, साठ झाले जी मले,” एवढेच त्या म्हणतात आणि पुढच्या नळीकडे वळतात.

बाई, गौरवलेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात, म्हणून देतो. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. तुमचे गुडघे सांभाळले जावोत, रक्तदाब जागेवर राहो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला डावा डोळा असाच लख्ख राहो. सकाळी घाई नसलेला चहा मिळो. नातवाला तुम्ही खूप शिकवा आणि त्याने तुमच्याशी खूप वाद घालावा, म्हणजे तुम्हाला करमेल. आम्ही इथे आहोत, आमचे काही खरे नाही. भद्रावतीहून चंद्रपूरला बस दिवसभर असते आणि चंद्रपूरहून मूलला यायला गाडी बदलली की झाले. वेळापत्रक मी तुमच्या लेकीला पाठवून दिले आहे.